स्त्रिया आणि हिमशिखरे : मोहिमांच्या आखणीचा थोडा इतिहास

भगिनींनो, गेल्या दिवाळीनंतरच्या आपल्या सभेत एक अर्ज आला होता, तो बहुतेकींना आठवत असेल. आपल्या कुडव्यातल्याच एका मुलीचा तो अर्ज. तिने डोंगर चढण्याचे चार आठवड्यांचे प्राथमिक शिक्षण घेतलेले आहे, आणि आता हिमालयातल्या एका दूरच्या शिखरावर वाटाड्यांसह जाणाऱ्या तुकडीत तिला जागा मिळते आहे. शिखराची उंची सहा हजार मीटरहून अधिक. मोटार थांबते तेथून पुढे आठ दिवसांची पायपीट. मंडळाच्या निधीतून काही मदत मिळावी, एवढीच तिची मागणी होती. चर्चा पुष्कळ झाली. कुणी म्हणाले, पोरीच्या जातीला हे कशाला? कुणी म्हणाले, एवढ्या पैशात शिवणयंत्रे येतील. मी स्वतः ‘नको’ म्हणणाऱ्यांत होते, हे येथे कबूल केलेले बरे.

त्या दिवशी मुलीची आई मागे भिंतीला टेकून बसली होती. सभा संपता संपता ती एवढेच म्हणाली, “बाई, वर कोण नेणार ते तर त्या पत्रात लिहिले आहे. खाली कोण आणणार, ते कुठेच लिहिलेले नाही.” तिच्या ह्या बोलण्याला कोणापाशीच उत्तर नव्हते. निर्णय पुढे ढकलला गेला आणि आपण चहा घेऊन घरोघर गेलो.

परंतु ते वाक्य काही माझ्या मनातून जाईना. म्हणून गेले काही महिने मिळेल ते वाचले. स्मरणिकेच्या संपादिकाबाईंनी ‘इतिहासावर काही लिहा’ म्हटले, तेव्हा गोंदियाच्या भातगिरण्यांवर लिहावे की नवेगावच्या बांधावर, असा विचार करीत होते. शेवटी ठरविले की हाच इतिहास सांगावा. बायका हिमालयात केव्हापासून जाऊ लागल्या, त्यांच्या मोहिमांची आखणी कशी झाली, पैसा कोठून आला, आणि त्यांना खाली कोणी आणले, हे पाहावे.

प्रथम आखणी म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण धानाच्या मुलखातल्या बायका. रोवणीच्या दिवसांत वीस बायांची टोळी बांधीत उतरवायची, तर पऱ्हे केव्हा तयार होणार, पाणी केव्हा मिळणार, भाकरी कोण आणणार, मजुरी किती, पाऊस लांबला तर काय, एवढा विचार घरची बाई करते. हिमालयातली मोहीम म्हणजे हाच विचार, फक्त चुकीला तेथे क्षमा नाही. समजा एक हमाल तीस किलो ओझे उचलतो आणि दिवसाला एक किलो शिधा खातो. वाटेत गाव नाही, दुकान नाही. पंधरा दिवसांची चाल असेल, तर अर्धे ओझे तो स्वतःच खाऊन संपवितो. आणि परतीचा शिधा धरला, तर पाठीवर शिखरासाठी काहीच उरत नाही! म्हणून हमालांसाठी हमाल आणि त्यांच्या शिध्यासाठी आणखी हमाल लागतात. १९५३ साली एव्हरेस्ट प्रथम सर झाले, त्या मोहिमेत शिखरावर माणसे पोचली दोन, तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी. पण सामान वाहायला साडेतीनशेहून अधिक हमाल लागले होते. शिखरावरचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. त्या साडेतीनशे पाठींचे कोणी पाहिले नाही.

दुसरी गोष्ट चुलीची. आपल्याकडे पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते. जसजसे उंच जावे, तसतशी हवा विरळ होते आणि पाणी कमी उष्णतेवरच उकळू लागते; दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. एव्हरेस्टच्या तळाच्या छावणीवर, म्हणजे सुमारे ५,३०० मीटरवर, ते ८२-८३ अंशांलाच उकळते. परिणाम असा, की डाळ तासन्‌तास शिजत ठेवली तरी कचकचीतच राहते. कुकरवाचून गत्यंतर नाही. त्याहून वर तर पाणीच नाही; बर्फ वितळवून घ्यायचे. एका माणसाला दिवसाला चार-पाच लिटर पाणी पोटात जायला हवे, नाहीतर रक्त दाट होऊन हातपाय गारठतात. म्हणजे इंधन संपले की पाणी संपले, आणि पाणी संपले की माणूस संपले. मोहिमेत काय शिजवायचे, किती इंधन न्यायचे, कोणत्या छावणीवर किती ठेवायचे, हा हिशेब दोराइतकाच महत्त्वाचा असतो. तो मांडायला ज्या हातांनी आयुष्यभर डबे भरले, ते हात अपुरे पडतील असे मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट हवेची. तळाच्या छावणीवर आपल्या येथल्यापेक्षा साधारण निम्मा प्राणवायू श्वासात येतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर तर एक तृतीयांश. शरीराला ह्याची सवय हळूहळूच होते. म्हणून वर चढायचे, पुन्हा खाली उतरून झोपायचे, पुन्हा थोडे अधिक वर जायचे, असा क्रम ठेवावा लागतो. घाई केली की डोके दुखते, उलट्या होतात, आणि त्याकडे दुर्लक्ष केले तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून जीव जातो. ह्यावर खरे औषध एकच, तात्काळ खाली उतरणे. म्हणजे त्या माउलीचा प्रश्न कोणत्याही तज्ज्ञाने विचारावा असाच होता.

आता इतिहासाकडे वळू. प्रारंभीच्या काळात हिमालयात ज्या बायका गेल्या, त्या श्रीमंत घरच्या. अमेरिकेच्या फॅनी बुलक वर्कमन ह्या बाईंनी १९०६ साली काश्मीरकडील नुन-कुन पर्वतसमूहातले एक शिखर चढून, सुमारे सात हजार मीटरच्या घरात जाण्याचा स्त्रियांतला उच्चांक केला. पण त्यांचे ओझे वाहणारे, वाट काढणारे, चूल पेटविणारे जे होते, त्यांच्याविषयी त्या काळच्या लिखाणात कौतुकापेक्षा तक्रारच अधिक आढळते.

ह्या वाटाड्यांची दखल नीट घेतली जाऊ लागली ती पुढे. १९२८ साली हिमालयन क्लब स्थापन झाला. आज त्याचे मुख्य कार्यालय आपल्या मुंबईत आहे. ह्या संस्थेने दार्जिलिंगच्या शेर्पांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. प्रत्येकाला एक वही. तो कोणत्या मोहिमेत गेला, काम कसे केले, हे त्यात लिहायचे. पुढे उत्तम काम करणाऱ्यांना ‘टायगर’ नावाचा बिल्ला मिळू लागला. मौज अशी, की दार्जिलिंगमधले हे काम १९३० नंतरच्या काळात ज्यांनी नेटाने सांभाळले, त्या जोन टाउनएंड नावाच्या बाई होत्या. आणि १९५३ च्या मोहिमेसाठी शेर्पा जमविण्याचे काम जिल हेंडरसन ह्या बाईंनी केले. शिखरावर बाई पोचण्याच्या कितीतरी आधी आखणीच्या टेबलाशी बाई बसलेली होती!

शेर्पांविषयी आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९३४ साली नंगा पर्वतावर एका जर्मन तुकडीस वादळाने गाठले. नायक विली मेर्कल चालेनासा झाला. गायले नावाचा शेर्पा अजून खाली येऊ शकत होता. पण तो नायकाला सोडून आला नाही. दोघेही तेथेच राहिले. त्या मोहिमेत सहा शेर्पा गेले. ‘खाली कोण आणणार’ ह्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा शेर्पा हेच आहे. पण मग शेर्पाला खाली कोण आणणार, हेही विचारले पाहिजे. त्याच्याही घरी कुणीतरी भिंतीला टेकून बसलेली असते.

केवळ स्त्रियांची म्हणावी अशी पहिली हिमालयीन मोहीम निघाली १९५५ साली. स्कॉटलंडच्या मोनिका जॅक्सन, बेट्टी स्टार्क आणि एव्हलिन कॅमरास ह्या तिघीजणी नेपाळातल्या जुगल हिमाल भागात गेल्या. तेथवर फारसे कोणी गेलेच नव्हते. नकाशेही धड नव्हते. तिघींनी आणि त्यांच्या शेर्पांनी मिळून एक अनामिक शिखर चढले, आणि त्याला नाव दिले ते राजाराणीचे नव्हे, तर आपल्या शेर्पांच्या मुकादमाचे. मिंगमा ग्यालगेनवरून ते ‘ग्यालगेन शिखर’ झाले. मला ही गोष्ट फार आवडली. ज्याने खाली सुखरूप आणले, त्याचे नाव डोंगराला!

पण चारच वर्षांनी दुसरी बाजू दिसली. १९५९ साली फ्रान्सच्या क्लोद कोगां ह्यांच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या देशांतल्या स्त्रिया ८,१८८ मीटर उंचीच्या चो ओयूवर गेल्या. कोगां बाईंचा व्यवसाय शिवणकामाचा. पोहण्याचे पोशाख बेतणे आणि शिवणे हे त्यांचे काम. आपल्या शिवणवर्गातल्या मुलींनी हे लक्षात ठेवावे. तेनसिंग ह्यांच्या दोन मुली पेमपेम आणि निमा, तसेच पुतणी डोमा, ह्याही त्या तुकडीत होत्या. हवा बिघडली असता कोगां आणि बेल्जियमच्या क्लोदीन व्हान डर स्ट्राटेन ह्या वरच्या छावणीत होत्या. हिमप्रपातात त्या दोघी, त्यांच्याबरोबरचा शेर्पा आंग नोर्बू, आणि त्यांना आणण्यास वर निघालेला आणखी एक शेर्पा असे चौघे गेले. त्या वेळी पुष्कळांनी लिहिले, की बायकांनी असल्या फंदात पडूच नये. वादळ काही बाई-पुरुष पाहून येत नाही. तेच वादळ पुरुषांवर आले असते तर ‘पुरुषांनी डोंगर चढू नयेत’ असे कोणी लिहिले नसते. पण वरच्या छावणीवर किती वेळ थांबायचे आणि केव्हा माघार घ्यायची, हा प्रश्न मात्र त्या चौघांच्या मरणाने कायमचा शिकविला.

आता जपानची गोष्ट. ही मी थोडी सविस्तर सांगते, कारण ती आपल्यासारख्या बायकांची आहे. जुन्को ताबेई ह्या बाई चणीने लहान, जेमतेम पाच फूट. १९६९ साली त्यांनी जपानात केवळ स्त्रियांचे गिर्यारोहण मंडळ काढले. पुढच्याच वर्षी त्या मंडळातर्फे अन्नपूर्णा पर्वतसमूहातले तिसरे शिखर चढले. मग एव्हरेस्टचे ठरले. पंधरा जणींची तुकडी. काही शिक्षिका, काही नोकरदार, दोघी-तिघी आया. ताबेईंची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. पैसा मागायला गेल्या, तर ‘घरी राहून मुले सांभाळा’ असा उपदेश मिळाला. शेवटी एक वर्तमानपत्र आणि एक दूरचित्रवाणी संस्था मदतीस आल्या. तरीही प्रत्येकीच्या वाट्याला आलेली रक्कम एखाद्या नोकरदाराच्या वर्षाच्या पगाराइतकी होती. ताबेईंनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या. मोटारीवर घालायच्या आच्छादनातून पाण्याचे हातमोजे शिवले, जुन्या पडद्यांच्या विजारी केल्या. शिक्षिकांच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या जेवणातल्या मुरंब्याच्या न फोडलेल्या पुड्या साठवून दिल्या.

४ मे १९७५ च्या रात्री दुसऱ्या छावणीवर हिमप्रपात कोसळला. ताबेई आपल्या सोबतिणींसह तंबूत गाडल्या गेल्या. त्या बेशुद्ध होत्या. शेर्पांनी पाय धरून त्यांना बाहेर ओढून काढले. दोन दिवस त्यांना धड चालता येत नव्हते. बारा दिवसांनी, १६ मे १९७५ रोजी, आंग त्सेरिंग ह्या शेर्पासह त्या एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचल्या. जगातली ती पहिली स्त्री. त्यानंतर अकराच दिवसांनी तिबेटच्या बाजूने फान्तोग नावाची स्त्री त्याच माथ्यावर आली.

पैशाची दुसरी युक्ती अमेरिकेतल्या बायकांची. १९७८ साली आर्लीन ब्लूम ह्यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी अन्नपूर्णा ह्या ८,०९१ मीटरच्या शिखराची मोहीम आखली. खर्च मोठा, देणगीदार थोडे. म्हणून त्यांनी ‘बाईची जागा माथ्यावर’ अशा अर्थाचे वाक्य छापलेले बनियनवजा सदरे हजारोंनी विकले आणि पुष्कळसा पैसा त्यातून उभा केला. आपण पापड-शेवयांच्या विक्रीतून सभागृहाचे पत्रे घातले, त्यातलाच हा प्रकार! १५ ऑक्टोबर १९७८ रोजी आयरीन मिलर आणि वेरा कोमारकोव्हा ह्या दोघी, मिंगमा त्सेरिंग आणि चेवांग रिंजिंग ह्या शेर्पांसह, शिखरावर पोचल्या. दोनच दिवसांनी दुसरी जोडी शेर्पांवाचून निघाली. अॅलिसन चॅडविक आणि वेरा वॉटसन ह्या त्या दोघी परत आल्या नाहीत.

आपल्या देशात ह्या विद्येच्या शाळा निघाल्या त्या एव्हरेस्ट सर झाल्यानंतर. १९५४ साली दार्जिलिंगची, १९६५ साली उत्तरकाशीची. त्याच १९६५ साली कॅप्टन मोहनसिंग कोहली ह्यांच्या नेतृत्वाखाली भारताचे नऊ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले. उत्तरकाशीजवळच्या नाकुरी गावची बचेंद्री पाल ही मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली, बी.एड. झाली, पण मनाजोगी नोकरी मिळेना. ती ह्या शाळेत शिकली आणि २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोचलेली पहिली भारतीय स्त्री झाली. त्याच्या आठवडाभर आधी तिच्याही तंबूवर बर्फ कोसळले होते. तिने १९९३ साली भारत-नेपाळच्या स्त्रियांची मोहीम नेली, तेव्हा सात स्त्रिया माथ्यावर गेल्या. त्याच वर्षी, २२ एप्रिल रोजी, पासांग ल्हामू ही नेपाळची पहिली स्त्री एव्हरेस्टवर पोचली. पण उतरताना वादळात सापडून तिने प्राण सोडले. चार पिढ्या ज्यांच्या पुरुषांनी दुसऱ्यांना खाली आणले, त्या जमातीची ही लेक. तिला खाली आणता आले नाही.

आता ‘वाटाड्यांसह पैसे भरून जाणे’ हा जो प्रकार त्या अर्जात होता, त्याविषयी. हा प्रकार एव्हरेस्टवर रुजला १९८५ नंतर. अमेरिकेतला डिक बास नावाचा पन्नाशी उलटलेला धनिक त्या वर्षी डेव्हिड ब्रेशियर्स ह्या कसलेल्या गिर्यारोहकाच्या सोबतीने माथ्यावर गेला, आणि लोकांच्या ध्यानात आले की चांगला वाटाड्या असेल तर साधा माणूसही जाऊ शकतो. मग त्याचा धंदा झाला. धंद्यात भले लोक आहेत, तसेच लोभीही आहेत. १० मे १९९६ ला एकाच दिवशी दोन नामांकित वाटाड्यांच्या तुकड्या एव्हरेस्टवर निघाल्या. ‘दुपारी दोन वाजले की जेथे असू तेथून मागे फिरायचे’ असा नियम होता. तो पाळला गेला नाही. माथा जवळ दिसत होता, लोकांनी भरलेली रक्कम मोठी होती. संध्याकाळी वादळ आले. दोन्ही तुकड्यांचे नायक, रॉब हॉल आणि स्कॉट फिशर, त्यातच गेले. डोंगराच्या दोन्ही अंगांना मिळून आठ जण मृत्यू पावले. त्यांत तिबेटच्या बाजूने चढणारे आपल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांतले तीन जवान होते. आणि १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात दुसऱ्यांसाठी वाट तयार करणारे सोळा नेपाळी कामगार एका सकाळी गेले. त्यांच्या बायकांना विम्याची जी रक्कम मिळायची होती, ती किती तुटपुंजी होती हे जगाला तेव्हा कळले.

एवढे वाचल्यावर माझे ‘नको’ अधिकच पक्के व्हावयास हवे होते. परंतु नेमक्या ह्याच २०१४ सालची दुसरी एक गोष्ट वाचनात आली. तेलंगणातल्या समाजकल्याण खात्याच्या वसतिगृह-शाळांतली दोन मुले, मालावत पूर्णा आणि साधनपल्ली आनंदकुमार, २५ मे २०१४ रोजी तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोचली. पूर्णा निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची, शेतमजुरांची मुलगी. चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. ह्या शाळांचे प्रमुख आर. एस. प्रवीणकुमार आणि शिक्षक शेखर बाबू ह्यांनी ते कसे आखले ते पाहा. प्रथम भोनगीरच्या खडकावर शंभरावर मुलांना शिकविले. त्यांतून वीस जण दार्जिलिंगला नेले. त्यांतून नऊ जण लडाखच्या थंडीत. आणि शेवटी दोघे. गिरणीत जशी एकाखाली एक चाळण लावतात, तशी ही रचना. मागे राहिलेल्यांना कोणी नापास म्हटले नाही. तेही तितक्या उंचीपर्यंत जाऊन सुखरूप घरी आले.

हाच धडा पुढे आपल्या शेजारी गिरविला गेला. आपल्या स्टेशनावरून बल्लारशाहाची गाडी सुटते, ती ज्या चंद्रपुरावरून जाते त्या चंद्रपूर जिल्ह्यात. तेथील जिल्हा प्रशासनाने आणि राज्याच्या आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ नावाची योजना आखली. आश्रमशाळांतली मुले निवडली. त्यांना टप्प्याटप्प्याने खडक, मग दार्जिलिंग, मग लडाख असे शिक्षण दिले. अखेर दहा जण निवडले गेले. मे २०१८ च्या मध्यास त्यांतले पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम. नावे वाचा आणि आपल्या सालेकसा-देवरीकडची माणसे डोळ्यांसमोर आणा. धुर्वे, मडावी, सोयाम ही आपल्या शेजारची आडनावे आहेत. मनीषा धुर्वे ही ज्या मुलखातली, त्या मुलखात आणि आपल्या मुलखात मोह तोच, तेंदूपत्ता तोच, गरिबीही तीच.

मला मोल वाटते ते दहांतल्या उरलेल्या पाचांचेही. ते माथ्यावर गेले नाहीत. पण घरी आले. आखणी चांगली असली म्हणजे सगळेच वर जातात असे नाही. ज्याला जेथून मागे फिरवायला हवे, त्याला तेथून मागे फिरविणारे माणूस असते.

साताऱ्याच्या प्रियांका मोहिते हिचे नाव येथे घेतलेच पाहिजे. २०१३ साली ती एव्हरेस्टवर गेली. पुढे ल्होत्से, मकालू, १६ एप्रिल २०२१ रोजी अन्नपूर्णा, आणि ५ मे २०२२ रोजी कांचनजंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरे चढणारी ती पहिली भारतीय स्त्री. एकीमागून एक, जवळजवळ दहा वर्षांत. घाई कोठे दिसत नाही.

असो. आता त्या अर्जाकडे परत येते. इतिहास वाचून मला जे उमगले, ते असे की ‘मुलीला पाठवावे की नाही’ हा प्रश्नच आपण अपुरा विचारला. विचारायला हवे होते ते असे : ह्या तुकडीत किती जणांमागे एक वाटाड्या? तो त्या डोंगरावर पूर्वी गेला आहे काय? परवानगी मिळाली आहे काय? हवेची सवय व्हावी म्हणून विश्रांतीचे दिवस किती ठेवले आहेत? किती वाजता मागे फिरायचे, हे कागदावर लिहिले आहे काय, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा? मुलगी आजारी पडली तर तिच्याबरोबर खाली कोण उतरणार, त्या माणसाचे नाव काय? विमा तिचा आहे, तसा वाटाड्याचा आणि हमालाचाही आहे काय?

हे प्रश्न मी एका कागदावर लिहून, मुलीच्या आईला बरोबर घेऊन, मुलीला दिले. तिने ते त्या मंडळींकडे पाठविले. पहिल्यांदा जे उत्तर आले त्यात शिखराची चित्रे पुष्कळ होती आणि विम्याचा उल्लेख नव्हता. मुलीने ती तुकडी आपणहून सोडली. तिची मोठी निराशा झाली. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग तिने स्वतःच दुसरी तुकडी शोधली. शिखर पहिल्यापेक्षा थोडे बुटके आहे, खर्च थोडा अधिक आहे, निघण्याला एक वर्ष उशीर आहे. पण त्या पत्रात सातही प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि आजारी माणसाबरोबर उतरणाऱ्या शेर्पाचे नावसुद्धा आहे. आईने ते नाव मला दोनदा वाचून दाखवायला लावले.

माघ पौर्णिमेला आपल्यापैकी पुष्कळजणी दरेकशाच्या कचारगडला जातात. चढताना तरुण मुली पुढे पळतात. उतरताना मात्र सगळ्याजणी वयस्क बायांच्या मागे, त्या जेथे पाऊल ठेवतील तेथे पाऊल ठेवीत येतात. उतरण्याची विद्या आपल्याकडे नाही असे नाही.

वर्धापनदिनानंतरच्या सभेत तो अर्ज पुन्हा यायचा आहे. माझी सूचना अशी : मंडळाने मदत द्यावी, तिचा निम्मा भाग जाताना द्यावा, आणि निम्मा आपल्या खजिनदारबाईंकडे राखून ठेवावा, तो केवळ परतीसाठी. माथा गाठला न गाठला, ह्याच्याशी त्याचा संबंध ठेवू नये. अर्ध्या वाटेवरून ती परत आली, तरी स्टेशनावर आपण सर्वांनी तितक्याच आनंदाने जावे. गेल्या खेपेस मी ‘नको’ म्हणून हात वर केला होता. ह्या खेपेस माझा हात दुसऱ्या बाजूला असेल, हे सर्व भगिनींना आधीच कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.